तुम्ही विचारलंत म्हणून : फोटो वाचनालयाचा, सही कुणाची?

"आमच्या वाचनालयाचे जुने फोटो विकिपीडियावर टाकायचेत, परवानगी कुणाची घ्यायची?" सांगली जिल्ह्यातल्या वाचनालयांत माझं जाणं-येणं असतं, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांत ग्रंथपाल असतात, कार्यकारी मंडळातले निवृत्त शिक्षक असतात, कॉलेजच्या प्रकल्पासाठी आपल्या गावावर लेख लिहिणारी मुलंही असतात. अध्यक्षांचं पत्र आणलं की झालं, असं उत्तर बहुतेकांना हवं असतं. ते मला देता येत नाही. काही फोटोंचं काम अध्यक्षांच्या पत्रानं होतं, काहींचं त्या पत्रानं होत नाही, आणि काहींना पत्र लागतच नाही. कुठला फोटो यातला कुठला, हे आधी बघावं लागतं.

फोटो कपाटात आहे म्हणून त्याचा कॉपीराइट वाचनालयाचा होत नाही. वाचनालयात एखाद्या कादंबरीची प्रत असते, पण म्हणून ती कादंबरी छापून विकायचा हक्क वाचनालयाला मिळतो का? फोटोचं तसंच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. फोटोत दिसणारा नाही, फ्रेम करून भिंतीला लावणारा नाही, आणि परवा स्कॅन करून पेन ड्राइव्हवर आणून देणारा तर नाहीच. समजा, वि. स. खांडेकर एखाद्या वाचनालयाच्या व्यासपीठावर बोलतायत असा फोटो आहे. तो खांडेकरांचा फोटो आहे असं आपण सहज म्हणतो, पण हक्काच्या हिशेबात तो कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाचा.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि वाचनालयांच्या बाबतीत तोच सगळ्यात कामाचा. कलम १७ सांगतं, की कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि दोघांत वेगळा करार झालेला नसेल, तर फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा. म्हणजे समारंभाला स्टुडिओवाल्यांना बोलावलं आणि त्यांचे पैसे वाचनालयानं चुकते केले, तर हक्क वाचनालयाचा. इथं अध्यक्षांचं किंवा कार्यवाहांचं पत्र चालतं. फक्त पैसे दिले होते हे दिसायला हवं.

ते दिसतं कुठं? जुन्या कीर्द-खतावणीत. म्हणून मी फोटोंच्या आधी हिशेबाच्या वह्या मागतो, आणि लोकांना त्याचं नवल वाटतं. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव उठवलेलं असतं, मागं कधी रबरी शिक्का, कधी पेन्सिलीनं टाकलेली तारीख. ती तारीख घ्यायची आणि त्याच महिन्याची कीर्द काढायची. खर्चाच्या बाजूला हार-नारळ, मांडव, चहापान आणि त्यांच्याच खाली फोटोग्राफरला दिलेली रक्कम अशी नोंद सापडली, की बोलणंच संपलं. त्या पानाचाही फोटो काढून ठेवायचा. हीच तसबीर त्या वर्षीच्या अहवालात छापलेली असेल तर आणखी उत्तम, कारण मग वर्षाबद्दल शंका राहत नाही. वाळवी लागली म्हणून जुन्या वह्या रद्दीत घालायचा विचार कुठल्या मंडळात चालला असेल, तर कृपा करून थांबा. फोटोंवरचा तुमचा हक्क कदाचित त्या वह्यांतच लिहिलेला असेल.

आता वर्षाचं बघू. आजचा कायदा २१ जानेवारी १९५८ला अमलात आला. त्याआधीच्या कायद्यात फोटोचा कॉपीराइट मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं होता. त्यामुळे १९५८च्या आधी काढलेले फोटो भारतात आज मुक्त, म्हणजे कुणालाही परवानगीशिवाय वापरता येणारे, धरले जातात, मग ते कुणीही काढलेले असोत. १९५८पासून पुढच्या फोटोंचा हिशेब वेगळा. आधी प्रकाशनानंतर ५० वर्षं, मग १९९२पासून ६० वर्षं, आणि २०१२च्या दुरुस्तीनं फोटोंसाठीचं वेगळं कलमच काढून टाकलं. आता फोटोलाही चित्रासारखीच मुदत मिळते : फोटोग्राफर हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. साठ-सत्तरच्या दशकातला फोटो आपल्याला कितीही जुना वाटला, तरी कायद्याच्या लेखी तो जुना नाही. हक्क वाचनालयाचा असला तरी मुदत मोजायची ती फोटोग्राफरच्या आयुष्यावरून, हेही ध्यानात ठेवा.

आणखी एक पेच आहे. विकिपीडियावरचे बहुतेक फोटो विकिमीडिया कॉमन्स या सामायिक भांडारात ठेवतात, आणि तिथला नियम असा, की फोटो मूळ देशात मुक्त हवा आणि अमेरिकेतही हवा. १ जानेवारी १९९६ला जे काम भारतात कॉपीराइटखाली होतं, त्याला अमेरिकेत नव्यानं संरक्षण मिळालं. १९४६च्या आधी काढलेल्या फोटोची ५० वर्षं तोवर संपलेली होती, त्यामुळे तो निर्धास्त टाकावा. १९४६ ते १९५७ या मधल्या वर्षांतल्या फोटोंसाठी "जुना आहे" एवढं म्हणून भागत नाही. हक्कदार सापडत असेल तर पत्र घेतलेलं बरं.

वर्ष ठरवताना घाई करू नका. मागं सांगलीचा, कृष्णेवरचा आयर्विन पूल दिसतो म्हणजे फोटो १९२९ साली तो पूल झाला त्यानंतरचा, एवढंच कळतं. तो कुठल्या वर्षाच्या आधीचा, हे पूल सांगत नाही. ते समारंभाचा फलक, पाहुण्यांची नावं, अहवाल किंवा वर्तमानपत्राचं कात्रण यांवरून शोधावं लागतं. हे काम मन लावून करायचं असतं आणि गावातली ऐंशीच्या घरातली माणसं ते आनंदानं करतात. तेवढ्यासाठी त्यांच्याकडे गेलंच पाहिजे.

चित्रांबद्दलही हमखास विचारणा होते, विशेषतः औंधला जाऊन आलेल्यांची. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. रविवर्मा १९०६ साली गेला, त्याची चित्रं केव्हाच मुक्त झाली. स्वतः चित्रकार असलेले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९५१ साली गेले. मृत्यूनंतरची ६० वर्षं पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात, म्हणून त्यांची चित्रं १ जानेवारी २०१२ला मुक्त झाली. पण एखाद्या संग्रहालयानं आत फोटो काढायला मनाई केली असेल, तर तो त्या जागेचा नियम आहे आणि तो पाळायचा. कॉपीराइट संपला म्हणून आत कॅमेरा नेण्याचा हक्क मिळत नाही. उलटही तितकंच खरं : पहारेकऱ्यानं काढू दिला म्हणून कॉपीराइट मिटत नाही. परवानग्या दोन आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

वाचनालयाच्या सभागृहात संस्थापकांचं तैलचित्र असतं आणि आवारात बहुधा पुतळा. कायद्यात दोघांना वेगळा न्याय आहे. सार्वजनिक जागी कायमचा उभारलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करायला कलम ५२ मोकळीक देतं, इमारतीच्या फोटोलाही देतं. चित्राला ती सवलत नाही. चित्रकाराला जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर चित्राच्या हक्कदाराची परवानगी लागेल. ती नसेल तर फोटो काढताना चित्र मुख्य विषय होणार नाही असं उभं राहा.

तुम्ही आज, तुमच्या मोबाइलवर, वाचनालयाच्या इमारतीचा किंवा पुस्तकांच्या कपाटांचा फोटो काढलात तर तो तुमचा. परवाना तुम्हीच द्यायचा, अध्यक्षांचं पत्र लागत नाही. आत फोटो काढण्याआधी विचारावं, ते रीत म्हणून. नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं जवळून टिपू नका, मुखपृष्ठावर चित्रकाराचा किंवा प्रकाशकाचा हक्क असतो. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली असतात, त्यांचे चेहरे विचारल्याशिवाय घेऊ नका. यात कॉपीराइटचा काही संबंध नाही, पण मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. आणि कॅमेऱ्यातली मूळ फाइलच चढवा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोचा आकार कमी झालेला असतो आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला ही माहितीही पुसली गेलेली असते. कॉमन्सवर तपासणाऱ्याला साहजिकच शंका येते, की हा दुसऱ्याच कुणाचा तरी असावा. ग्रंथपालांनी संस्थेच्या कामाचा भाग म्हणून काढलेले फोटो मात्र सहसा संस्थेचे ठरतात. तिथं पत्र संस्थेचंच हवं.

आता पत्राकडे येतो, कारण सगळ्यात जास्त अडतं ते इथंच. लेटरहेड असतं, जावक क्रमांक असतो, गोल शिक्का असतो आणि मजकूर असा : "आमच्या वाचनालयाची छायाचित्रे विकिपीडियावर वापरण्यास आमची हरकत नाही." हे पत्र चालत नाही. लिहिणाऱ्यांनी ते मनापासून दिलेलं असतं, म्हणून नाही म्हणताना मलाही वाईट वाटतं. पण विकिपीडियावरचा मजकूर आणि चित्रं कुणीही पुढं वापरावीत या अटीवरच तिथं ठेवलेली असतात. एकट्या विकिपीडियाला दिलेली परवानगी तिथं उपयोगाची नाही. शिवाय आपल्या कायद्यानुसार परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हरकत नाही म्हणणारं ते पत्र म्हणजे, ताणून धरलं तरी, ५ वर्षांचं आणि भारतापुरतं.

म्हणून पत्रात कोणते फोटो, हे एकेक करून लिहा. हक्क संस्थेकडे कसा आला ते लिहा. आणि हे फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० परवान्याखाली खुले करत आहोत, असं नेमकं नाव घालून लिहा. श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कुणीही वापरावं, असं सांगणारा हा तयार परवाना आहे. त्या परवान्यातच जगभर आणि कॉपीराइटची मुदत असेपर्यंत ही तरतूद आहे. कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव करून त्याचा क्रमांक पत्रात घाला. मग हे सगळं संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाठवायचं. पत्र समाधानकारक असेल तर ते फोटोच्या पानावर तिकीट क्रमांक, म्हणजे त्या पत्रव्यवहाराचा नोंद क्रमांक, टाकतात. पत्रव्यवहार गोपनीय राहतो, चव्हाट्यावर येत नाही.

सभेत एक प्रश्न हटकून निघतो : "म्हणजे उद्या कुणी आमचा फोटो कॅलेंडरवर छापून विकला तर?" छापू शकतो. संस्थेनं ठरवून दिलेलं श्रेय त्याला द्यावं लागेल आणि फोटोत बदल केला तर तोही त्याच परवान्याखाली ठेवावा लागेल, पण धंद्यासाठी वापरू नका असं म्हणता येणार नाही. "फक्त शैक्षणिक वापरासाठी" अशी अट घातलेले फोटो कॉमन्स घेत नाही. आणि एकदा दिलेला परवाना मागं घेता येत नाही. या गोष्टी मी सही होण्याआधी स्पष्ट सांगतो, नंतर कळल्या तर माणसांचा विश्वास उडतो. एखाद्या मंडळाला हे मान्य नसेल तर आग्रह धरू नये. पुष्कळदा ते दहा-बारा फोटो खुले करायला तयार होतात आणि बाकीचे स्वतःकडे ठेवतात. तेही चांगलंच आहे.

तरी द्या असं मी म्हणतो, आणि त्याला कारण आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीत घरोघरी आणि वाचनालयांतही पाणी शिरलं. पाण्यात गेलेलं छापील पुस्तक दुसऱ्या गावात कुठंतरी मिळतं. पण संस्थेचा जुना फोटो बहुधा एकच असतो आणि त्याची निगेटिव्ह स्टुडिओ बंद पडला तेव्हाच गेलेली असते. पाणी चढल्यावर तो एका रात्रीत जातो. स्कॅन करून कपाटातल्याच हार्ड डिस्कवर ठेवला तर तीही त्याच पाण्यात. खुल्या परवान्यानं बाहेर गेलेल्या फोटोच्या प्रती आपल्याला ठाऊकही नसलेल्या ठिकाणी राहतात. आमच्या भागात फोटो खुले करण्यासाठी याहून मोठं कारण मला दिसत नाही.

स्टुडिओ बंद, फोटोग्राफर हयात नाही, कीर्दीत नोंद नाही आणि फोटो १९६५च्या सुमाराचा, असं असेल तर काय? फोटोग्राफरचे वारस शोधा. आपल्या गावांत ते अवघड नसतं, आडनाव आणि पेठ कळली की चहा पिता पिता पत्ता लागतो. त्यांची लेखी संमती मिळाली, सगळ्या वारसांची, तर टाका. नाही मिळाली तर टाकू नका. फोटो नीट स्कॅन करा, माहिती लिहा आणि मूळ प्रत कोरड्या, उंच जागी ठेवा.

आणि पुढच्या समारंभाला फोटोग्राफर बोलवाल तेव्हा त्याच्या बिलावरच एक ओळ लिहून सही घ्या : या सर्व फोटोंचा कॉपीराइट वाचनालयाचा राहील, मुदत कॉपीराइट असेपर्यंत, प्रदेश संपूर्ण जग. खाली तारीख घाला, बिलाची एक प्रत फोटोंसोबत ठेवा आणि दुसरी हिशेबाच्या फाइलला लावा.