तुम्ही विचारलंत म्हणून: नीटचा अभ्यास कधीपासून?

एप्रिल उजाडला की माझा फोन एकाच प्रश्नाने वाजायला लागतो. "मॅडम, पोरगं आठवीत जाईल आता, नीटचा अभ्यास कधीपासून लावू?" नीट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, आणि मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतेय. लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाड्यावर, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे माझं तोंड उघडं असतानाही हा प्रश्न विचारून झालाय.

यातल्या 'लावू'वर माझं घोडं अडतं. डबा लावतात, पेपर लावतात, क्लास लावतात. अभ्यासाला बसावं लागतं.

तर माझं उत्तर: दहावीचा शेवटचा पेपर झाला की पोराला आठवडाभर झोपू द्या, आणि मग. दहावी मार्चच्या मध्याला संपते, अकरावीचे प्रवेश जुलै-ऑगस्टपर्यंत रेंगाळतात. हे मधले चार महिने कुणाच्याच हिशेबात नसतात.

त्या महिन्यांत बायोलॉजीला हात नाही लावला तरी चालेल, मीच सांगतेय. आधी लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि आलेखाचा चढ पक्का करून घ्या. बायो ग्रुप घेणारी बरीच मुलं "सुटलो एकदाचे" म्हणत गणित सोडतात, आणि बोर्डाचं अकरावीचं फिजिक्स उघडलं की दुसऱ्याच धड्यात व्हेक्टर आणि कॅल्क्युलस दारात उभे असतात.

दुसरं काम वाचनाचं. नीटच्या 720 गुणांपैकी 360 बायोलॉजीचे, आणि प्रश्न बऱ्याचदा एनसीईआरटीच्या वाक्यांवरच बेतलेले. प्रश्नपत्रिका मराठीत मागता येते, पण एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत, म्हणून आमची मराठी माध्यमाची मुलंही इंग्रजीच निवडतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया कधीच अडत नाही. अडतं ते 'रिस्पेक्टिव्हली'. 'एक्सेप्ट' नजरेतून निसटतं आणि येत असलेलं उत्तर चुकतं. बरोबरचे चार मिळायचे ते राहिले, वर एक कापला गेला. म्हणून रोज एक पान, मोठ्याने, शेजारी डिक्शनरी. उन्हाळाभर एवढंच.

"आठवीपासून केलं तर बिघडतं काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. बिघडतं. माझ्या घरात बिघडलं. मुलीला आठवीत फाउंडेशनला, म्हणजे शाळकरी वयातच नीटची तयारी करून घेणाऱ्या क्लासला घातलं, मी स्वतः, एवढी शिकवणारी बाई. दर रविवारी तेरा वर्षांची पोर ओएमआर शीटवरचे गोल काळे करायची. ज्या सूत्रांमागचं गणित शाळेत अजून यायचं होतं, ती सूत्रं तिला पाठ होती. खरा घोटाळा अकरावीत कळला. कुठलाही धडा काढला की म्हणायची, "आई, हे झालंय." झालेलं काहीच नव्हतं, फक्त कानावरून गेलं होतं. पण झालेल्या गोष्टीकडे पुन्हा नव्या नजरेने कोण बघतं? एकदा नीट दिली, नंतर बीएस्सी ॲग्रीला गेली. मजेत आहे. चुटपुट माझीच आहे. क्लासने पुस्तकं म्हणून दिलेले ते मॉड्यूल रद्दीवाल्याने काट्यावर चढवले तेव्हा सत्तावीस किलो भरले.

उलटी चूकही बघते. अकरावी 'आराम का साल' म्हणून घालवायची आणि बारावीच्या दिवाळीनंतर जागं व्हायचं. जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम अकरावीचाच असतो, तो मग कुठून येणार? जानेवारीत विचारणाऱ्यांना मी सांगते, आधी बोर्ड सांभाळा. बोर्ड संपल्यापासून मेमधल्या नीटपर्यंत जेमतेम दीड-दोन महिने उरतात, आणि रिपीट करावं लागलं तर घरात मयत झाल्यासारखं वागू नका.

परवा एक वडील मुलाला घेऊनच आले होते. आठवीतलं पोर, प्रयोगशाळेतल्या बरणीतला साप निरखत उभं. मी हे सगळं त्यांना सांगितलं, कॅलेंडर काढून महिने मोजून दाखवले. ते माना डोलावत होते.

"पटलं मॅडम, शंभर टक्के पटलं," म्हणाले. "फक्त तीस तारखेच्या आत फी भरली तर चाळीस टक्के सूट आहे. तेवढं भरून ठेवू ना?"