सव्वीस नंबरचा उंदीर

उंदराच्या मोठ्या धमनीवरच्या क्लँपचा, म्हणजे चिमट्याचा, स्क्रू मी अर्धा फेरा आवळला आणि पडद्यावरच्या दोन्ही रेषा एकदमच खाली आल्या. लाल रेषा रक्तदाबाची, ती यायलाच हवी होती. निळी रेषा मूत्रपिंडात जाणाऱ्या रक्ताची. तिने थोडं डळमळून पुन्हा आपल्या जागी यायचं असतं. ती आली नाही. स्क्रू सैल केला, दोन्ही वर गेल्या. आवळला, दोन्ही खाली. बाजूला बसलेली ज्युनियर म्हणाली, "ताई, एकाच वायरला दोन्ही जोडलंय का आपण?"

कोल्हापुरातला जुलै महिना. बाहेर पाऊस लागून राहिलेला, अ‍ॅनिमल हाऊसच्या पत्र्यावर त्याचा आवाज इतका की बोलणं ओरडूनच करायचं. फ्लोमीटर, म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणारं यंत्र, आमचं नव्हतं. दुसऱ्या संस्थेकडून सरांनी ते ओळखीवर महिनाभरासाठी आणलं होतं आणि त्यातले अकरा दिवस माझा हात बसण्यातच गेले होते. उंदराच्या मूत्रपिंडाची धमनी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. तिच्याभोवतीची चरबी आणि नस सोडवायची, मग फ्लोमीटरचा अल्ट्रासाउंडवर चालणारा इवलासा आकडा, म्हणजे हुक, तिला न ताणता अडकवायचा. मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सिग्नल गेला. पहिल्या आठवड्यात माझे दोन प्राणी नुसत्या रक्तस्रावाने गेले. ते दोन मृत्यू आचारसमितीच्या फॉर्मवर लिहिताना हात जड झाला होता.

प्रयोग थोडक्यात सांगते. रोगट मूत्रपिंड हवं असेल तर उंदराला मधुमेह होण्याची वाट बघत बसत नाहीत. डाव्या मूत्रपिंडाच्या धमनीच्या तीनपैकी दोन फांद्या बांधतात, आणि आठवड्याने उजवं मूत्रपिंड काढून टाकतात. मागे उरतो सहावा हिस्सा. एवढ्याशा तुकड्याने सगळ्या शरीराचं काम ओढायचं. तो ओढतोही, आणि ओढता ओढता मरतो. १९८१ साली बॉस्टनमध्ये बॅरी ब्रेनर यांच्या गटाने म्युनिक-विस्टार जातीच्या उंदरांवर हेच मोजून दाखवलं. या जातीत रक्त गाळणाऱ्या बारीक वाहिन्यांचे काही गुच्छ मूत्रपिंडाच्या अगदी पृष्ठभागावर असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली काचेची सुई थेट त्यांत घालता येते. उरलेला प्रत्येक गुच्छ जवळपास दुप्पट गाळत होता आणि त्याच्या आतला दाब वाढलेला होता. आज जे जास्तीचं काम करतात, तेच उद्या कडक होऊन बंद पडतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

आमचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. निरोगी मूत्रपिंडाला स्वतःची अक्कल असते. मोठ्या धमनीतला दाब ८० असो की १६०, आत येणारं रक्त ते जवळजवळ तेवढंच ठेवतं. दाब वाढला की गुच्छाच्या तोंडाशी असलेली बारीक धमनी स्वतःहून आकसते. ताणलं की आकसायचं हा रक्तवाहिनीचा स्वभाव बेलिस या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच नोंदवलेला आहे. शिवाय दुसरी एक संथ व्यवस्था असते. नलिकेतून किती मीठ पुढे चाललंय याची चव घेणाऱ्या पेशी त्याच बारीक धमनीला निरोप पाठवतात, की जास्त येतंय, कमी कर. पहिली व्यवस्था काही सेकंदांत चालते, दुसरीला अर्धा मिनिट लागतो. या दोन्ही मिळून दाबाचे धक्के बाहेर अडवतात. तर एक सहावा हिस्सा उरलेल्या मूत्रपिंडात ही अक्कल किती शिल्लक राहते, आणि रक्तदाबाची कुठली गोळी ती टिकवते, कुठली घालवते, हे आम्ही बघत होतो. तीन गट होते. एकाला नुसतं पाणी, एकाला एनालाप्रिल, एकाला अ‍ॅम्लोडिपिन. कुठला उंदीर कुठल्या गटात हे फक्त सरांना आणि बाटल्या भरणाऱ्या फार्मासिस्टला माहीत. मला फक्त शेपटीवरचा नंबर.

सव्वीस नंबर माझा लाडका होता हे कबूल करते. शेपटीला पट्टा लावून बीपी घेताना बाकीचे नळीत धडपडायचे, हा मुकाट बसायचा. वजन छान वाढलेलं, केस चकचकीत, आणि बीपी सगळ्यांत चांगलं. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे मी हिरव्या शाईने "उत्तम" असं लिहून ठेवलं होतं. संशोधकाने असं काही लिहू नये.

तर निळी रेषा. भूल बरोबर होती, गुदद्वारातला तापमापक ३७ दाखवत होता, श्वासाची नळी मोकळी. मी आधी जेल बदललं. मग शून्य तपासलं: धमनी क्षणभर चिमटीत धरली, निळी शून्यावर गेली, सोडली, परत आली. म्हणजे शून्य ठीक. मग शंका आली की आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आत सगळं चिकटलेलं आहे, आकड्याने धमनीला पीळ बसला असेल. पीळ बसला तर पलीकडचं मूत्रपिंड कितीही हुशार असलं तरी त्याचं काही चालत नाही. आकडा काढला, पुन्हा सोडवलं, मोकळ्या जागी बसवला. यात चाळीस मिनिटं गेली. क्लँप आवळला. दोन्ही रेषा पुन्हा जोडीने खाली.

यानंतर लाइट गेली. यूपीएसवर फक्त उंदराची गरम गादी आणि मॉनिटर चालत होता. टॉर्चच्या उजेडात मी कागदावर हिशेब केला. सरासरी दाब ११८ वरून ९८, म्हणजे १७ टक्के घट. प्रवाह मिनिटाला ३.० मिलिलिटरवरून २.५, म्हणजे तीही तेवढीच. प्रवाहातली घट दाबातल्या घटीने भागली की जो निर्देशांक येतो तो शून्य असेल तर मूत्रपिंड पूर्ण सावध, आणि एक असेल तर ती नुसती रबरी नळी. माझा आला जवळजवळ एक. मी ज्युनियरला म्हटलं, "मशीन गेलं. सरांना फोन लाव."

सर म्हणाले, "मशीनला विचारण्याआधी निरोगी उंदराला विचार." आणि फोन ठेवला. त्यांना असं अर्धं बोलून फोन ठेवायची सवय आहे, आणि दर वेळी मला तितकाच राग येतो.

इन्युलिनचे नमुने घेऊन सव्वीसचं ठरलेलं काम आधी पुरं केलं. इन्युलिन म्हणजे गाळणीचा वेग मोजायला रक्तात सोडतात ती साखरेसारखी वस्तू. मूत्रपिंडात ती फक्त गाळली जाते, परत शोषली जात नाही. चिकोरीच्या मुळांत ती भरपूर असते. शेवटी भूल वाढवून सव्वीसला शांत केलं आणि मूत्रपिंड काढलं. अर्धा भाग पांढरट, आक्रसलेला, मेलेला. उरलेला फुगून बोराएवढा, वरून किंचित खडबडीत. वजन केलं, फॉर्मॅलिनमध्ये टाकलं.

मामा दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेला निरोगी उंदीर घेऊन वर आले. मामा म्हणजे आमच्या अ‍ॅनिमल हाऊसचे. पिंजरे, भुसा, पाणी, मेलेल्यांची विल्हेवाट, सगळं त्यांच्याकडे. शिरोळ तालुक्यात दोन एकर ऊस आहे, पहाटे पाणी पाजून मग कामावर येतात. नळ्या घालून सगळं बसवायला मला पावणेदोन तास लागले. दाब ११६. क्लँप आवळला, ९६. निळी रेषा दचकली, थोडी खाली गेली, आणि मग हळूहळू, कुणी हाताने उचलावी तशी, वर आली. ७.१ वरून ७.०. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता.

मी खुर्चीत बसले. वाईट याचं वाटलं की हे मला माहीत होतं. शिकागो परिसरातल्या ग्रिफिन आणि बिदानी यांनी १९९५ मध्ये अशाच उंदरांवर नेमकं हेच छापलंय: कॅल्शियम अडवणाऱ्या गोळ्या उरलेल्या मूत्रपिंडाची ही अक्कल घालवतात. कारणही सरळ आहे. बारीक धमनीला आकसायला तिच्या स्नायूत कॅल्शियम शिरावं लागतं, आणि अ‍ॅम्लोडिपिन नेमकं तेच दार लावतं. धमनी मग सताड उघडी राहते आणि बाहेरचा दाब जसाच्या तसा गुच्छावर आदळतो. एनालाप्रिलचं काम उलट्या टोकाला असतं: ते गुच्छातून बाहेर पडणारी धमनी जास्त सैल करतं, त्यामुळे आतला दाब उतरतो. त्या पेपरवर माझ्या हायलायटरचे पिवळे पट्टे होते. सेमिनारही दिला होता त्यावर, टाळ्या घेतल्या होत्या. आणि तीच गोष्ट समोरच्या पडद्यावर घडली तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर शोधत होते.

मामा दारात उभे राहून बघत होते. मी त्यांना दोन्ही आलेख दाखवले, हा चांगला, हा आजारी. ते थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "ह्याच्यात दारं धराय गडी हाय. त्याच्यात न्हाई. पाटाला पाणी आलं की गेलं समदं सरीत, कमी आलं की सरी कोरडी."

मी पुढे तीन वर्षं या विषयावर भाषणं दिली, यापेक्षा बरं मला काही सुचलं नाही. सरीत पाणी किती जावं हे मोटरीवर ठरत नसतं, दारं धरणाऱ्यावर ठरतं. आणि मोटर हळू चालू ठेवली तर गडी नसल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, हे सव्वीसच्या बीपीने मला दाखवलं.

संध्याकाळी सरांना म्हटलं, कोड उघडूया, कोण कुठल्या गटात ते बघूया, हा अ‍ॅम्लोडिपिनचाच असणार. सर म्हणाले, "असू दे असला तर. शेवटचा उंदीर होईपर्यंत उघडायचा नाही." त्यांचं बरोबर होतं. मला कळलं असतं तर पुढच्या प्रत्येक उंदरात मी तेच शोधलं असतं.

घरी गेले तर वडिलांचा फोन. बीपी १२८, आनंदात होते. तेही अ‍ॅम्लोडिपिनच घेतात. मी गोळीबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, बीपी आटोक्यात असणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्यांची मूत्रपिंडं दोन्ही शाबूत आहेत. ज्यांची आधीच दुखावलेली आहेत त्यांचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत उच्च रक्तदाबामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अ‍ॅम्लोडिपिनचा गट मुदतीआधी थांबवावा लागला होता. एनालाप्रिलच्याच जातीच्या रॅमिप्रिलवरच्या रुग्णांची मूत्रपिंडं जास्त टिकत होती, विशेषतः ज्यांच्या लघवीतून प्रथिनं जात होती त्यांची. तो निकाल २००१ मध्ये छापून आला. वडिलांना एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, तपासून घ्या. "बीपी नॉर्मल असताना लघवी कशाला?" ते म्हणाले. मी म्हटलं, मी आल्यावर सांगते.

कोड अडीच आठवड्यांनी उघडला. सव्वीस अ‍ॅम्लोडिपिनचाच होता. त्याच गटातल्या आणखी चौघांचे निर्देशांक एकाच्या आसपास होते. नुसत्या पाण्यावरच्या उंदरांचे मधेच कुठेतरी, अक्कल अर्धी गेलेली, आणि एनालाप्रिलवरच्यांचंही तेच. पण एनालाप्रिलवाल्यांच्या लघवीत अल्ब्युमिन सगळ्यांत कमी होतं. सव्वीसचं बीपी पाणीवाल्यांपेक्षा खूपच कमी असूनही अल्ब्युमिन मात्र त्यांच्या बरोबरीचं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे बरेच गुच्छ गुलाबी, घट्ट, मिटलेले दिसले.

मी बीपीचं रजिस्टर काढलं. त्याच्या ओळीत हिरव्या शाईतला तो शब्द तसाच होता. आमच्याकडे नोंदवहीत खोडायचं नाही असा नियम आहे, व्हाइटनर तर अजिबात नाही. मी काळ्या पेनाने त्याच्यापुढे चोवीस तासांच्या लघवीतल्या अल्ब्युमिनचा आकडा लिहिला, खाली तारीख टाकली आणि सही केली. मामा पिंजरे धूत होते. सव्वीसचा पिंजरा त्यांनी तोपर्यंत दुसऱ्या उंदराला दिला होता.