कोरोनात क्रूझ: जावं की नाही हे आम्ही कसं ठरवलं

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, भीती नाही वाटली का? वाटली. पण जहाजावर असताना वाटली त्याच्या कितीतरी पट जास्त घरी बसून ठरवताना वाटली, त्यामुळे या पोस्टमध्ये समुद्र आणि सूर्यास्त कमी आणि ठरवाठरवी जास्त आहे. हे मी एप्रिल 2022 मध्ये लिहितेय आणि अजून बरेच जण याच विचारात आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून जमेल तेवढं सविस्तर लिहितेय.

बाबांच्या सत्तरीला सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं हे 2019 सालीच ठरलं होतं. आई, बाबा, दादा, वहिनी, मी आणि माझा नवरा. मग 2020 उजाडलं आणि 14 मार्चला सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण संस्थेने, क्रूझ जहाजांसाठी नो सेल ऑर्डरच (प्रवासी घेऊन निघायला बंदी) काढली, आमची सफर अर्थातच रद्द झाली, पैसे परत घ्या किंवा पुढच्या सफरीसाठी जास्तीचं क्रेडिट घ्या असे दोन पर्याय आले आणि आम्ही क्रेडिट घेतलं कारण तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की चार-सहा महिन्यांत हे संपेल. ते काही संपलं नाही आणि क्रेडिटची मुदत मात्र संपत आली. बाबा म्हणायला लागले, "अगं, अजून किती वर्षं थांबायचं? गुडघे आत्ता चालतायत तोवर चालतायत." आई काही बोलायची नाही, फक्त बातम्या लावून बसायची.

मी वाचायला बसले. सुरुवात डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजापासून केली कारण कोरोना आणि क्रूझ म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. हाँगकाँगला 25 जानेवारी 2020 ला उतरलेला एक प्रवासी 1 फेब्रुवारीला पॉझिटिव्ह निघाला, जहाज 3 तारखेला योकोहामाला पोचलं आणि 5 तारखेपासून सगळे प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद. जहाजावर 3,711 माणसं होती आणि शेवटी त्यातल्या 712 जणांना लागण झाली. यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना टेस्ट केली तेव्हा काहीच लक्षणं नव्हती, म्हणजे शेजारी बसलेला माणूस ठणठणीत दिसतोय यावर काहीच ठरवता येत नाही हे तिथेच कळलं.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. प्रवासी केबिनमध्ये बंद होते पण क्रू नव्हता, त्यांना काम करावंच लागत होतं कारण अडीच हजारांवर माणसांना तीन वेळचं जेवण कोणीतरी दारापर्यंत न्यायलाच हवं, आणि क्रूमधल्या पहिल्या 20 केसेस बघितल्या तर त्यातले 15 जण जेवणाखाण्याच्या खात्यात काम करणारे होते. ही माणसं खालच्या डेकवर एकेका खोलीत दोघं-दोघं राहणारी. आपण पैसे भरून सुट्टीला जातो तेव्हा आपल्या सुट्टीचा धोका कोण उचलतं हे मला तोपर्यंत एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं.

मग वेस्टरडॅमचं वाचलं. त्या जहाजावर त्या वेळी एकही खरी केस नव्हती, तरी तैवान, जपान, फिलिपिन्स, ग्वाम आणि थायलंड या सगळ्यांनी नको म्हटलं आणि शेवटी 13 फेब्रुवारीला कंबोडियाने धक्क्याला लागू दिलं. आणि झांडाम तर विचारूच नका, 7 मार्चला ब्युनोस आयर्सहून निघालं, वाटेत बंदरांनी दारं बंद केली, चार माणसं जहाजावरच दगावली, आणि 2 एप्रिलला कुठे ते अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलला लागलं.

हे सगळं वाचल्यावर माझा प्रश्नच बदलला. तोपर्यंत घरात चर्चा एवढीच चालायची की लागण होईल का, किती टक्के शक्यता, लस घेतलीय ना मग काय. ते कोणालाच सांगता येत नाही आणि त्यावर तासन् तास बोलून काही हाती लागत नाही. मी घरच्यांना म्हटलं की धरून चला आपल्यातल्या एकाला लागण झाली, आणि ती बाबांनाच झाली, त्यांना डायबेटिस आहे. मग त्यांना कुठे ठेवणार, जवळ कोण थांबणार, श्वास लागला तर जहाजावर काय आहे, आणि मधेच उतरवलं तर कुठल्या देशात? याची उत्तरं मिळाली आणि ती आपल्याला झेपणारी असली तर जाऊ, नाहीतर क्रेडिट गेलं तर गेलं. दादा आधी चिडला की तू सगळ्याचा विचका करतेस, पण बाबाच म्हणाले की बरोबर बोलतेय ती, विचारून तर बघू.

मग फोनाफोनी. कंपनीला विचारलं की आयसोलेशनसाठी वेगळ्या केबिन आहेत का, तर आहेत, एका डेकचा ठराविक भाग त्यासाठी रिकामाच ठेवतात. डॉक्टर, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर आहे, पण दोन-चार पेशंट सांभाळण्यापुरतंच, ते काही मोठं हॉस्पिटल नाही, गंभीर पेशंटला किनाऱ्यावर पाठवावंच लागतं. हे त्या बाईंनी सरळ सांगितलं आणि मला ते आवडलं. यावरून आम्ही रूट बदलला. दादाला अटलांटिक ओलांडणारी सफर हवी होती, दिवसेंदिवस नुसतं पाणी, पण अशा सफरीत मधल्या पट्ट्यात हेलिकॉप्टरसुद्धा पोचू शकत नाही, अंतरच तेवढं असतं. कॅरिबियनमध्ये बेटं जवळजवळ आहेत, एक ना एक बंदर हाताशी असतं. मग कॅरिबियन ठरलं. केबिन बाल्कनीवाल्या घेतल्या, कारण डायमंड प्रिन्सेसवर ज्यांच्या केबिनला खिडकीही नव्हती त्यांना हवा खायला मिळायची ती गटागटाने थोडा वेळ डेकवर सोडायचे तेव्हाच.

इन्शुरन्सचं मात्र नीट वाचा, कृपया वाचा. आम्ही बघितलेल्या पॉलिसींमध्ये कोविडचा औषधोपचार होता पण "भीती वाटली म्हणून रद्द केलं" हे कारण चालत नव्हतं, त्यासाठी कुठल्याही कारणाने रद्द करता येणारी वेगळी पॉलिसी लागते, ती महाग असते, पहिले पैसे भरल्यापासून ठराविक दिवसांतच घ्यावी लागते आणि तरी पूर्ण पैसे परत मिळत नाहीत. जहाजावरून हॉस्पिटलपर्यंत आणि तिथून घरी नेण्याचा खर्च, म्हणजे मेडिकल इव्हॅक्युएशन, यात धरलाय का तेही बघा. आम्ही त्याची रक्कम सगळ्यात जास्त असलेली पॉलिसी घेतली, बाकीच्या सोयी कमी असल्या तरी चालतील म्हटलं.

एवढं सगळं करून बुकिंग केलं जानेवारी 2022 च्या पहिल्या आठवड्याचं आणि तोपर्यंत ओमिक्रॉन आला. 15 ते 29 डिसेंबर या काळात क्रूझ जहाजांनी सीडीसीला 5,013 केसेस कळवल्या, त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत त्या होत्या फक्त 162. जवळपास सगळे प्रवासी लस घेतलेले असताना. ओडिसी ऑफ द सीजवर 55 केसेस निघाल्या आणि ते जहाज कुरासाओ आणि अरुबाला थांबलंच नाही. 30 डिसेंबरला सीडीसीने सर्वात वरची, चौथ्या पातळीची सूचना काढली की लस घेतली असली तरी क्रूझ टाळा. आमच्या बॅगा भरलेल्या होत्या.

त्या रात्री आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "मला यायचंय, पण असं नाही यायचं. मी तिकडे बसून प्रत्येकाचा खोकला मोजत बसेन." तिथेच ठरलं. कंपनी तारीख पुढे न्यायला तयार होती, आम्ही मार्चमधली घेतली. सीडीसीने 15 फेब्रुवारीला चौथ्यावरून तिसऱ्या पातळीवर आणलं आणि 14 मार्चला दुसऱ्या, त्यामुळे निघताना मन बरंच हलकं होतं. त्या वेळी सीडीसीच्या वेबसाइटवर त्यांच्या कोविड कार्यक्रमात सामील असलेल्या जहाजांना रंग दिलेला असायचा, हिरवा म्हणजे एकही केस नाही, तो मी निघेपर्यंत रोज बघत होते.

सगळ्यात जीव खालीवर झाला तो निघण्याआधीच्या टेस्टला. सहा माणसं, एकाची जरी पॉझिटिव्ह आली तरी त्याच्या केबिनमधला दुसराही गेला. आम्ही आधीचे दहा-बारा दिवस कोणाकडे गेलो नाही, लग्नाचं एक आमंत्रण होतं तेही टाळलं, नातेवाईक रुसले. सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले तेव्हा वहिनी चक्क रडली.

टर्मिनलवर गर्दी होऊ नये म्हणून प्रत्येकाला वेळ दिली होती. लसीचं सर्टिफिकेट, टेस्टचा रिपोर्ट, पासपोर्ट, आणि आत. पूर्वी मस्टर ड्रिलला, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या सरावाला, सगळ्यांना एकाच वेळी लाइफबोटींपाशी खेटून उभं करायचे, आता व्हिडिओ केबिनमध्येच बघायचा आणि मग आपापल्या वेळेने आपल्या जागेवर जाऊन हजेरी लावायची. हे महामारीमुळे बदललं पण आधीपासूनच असं हवं होतं, लोक शांतपणे ऐकतात तरी. बुफेमध्ये चमचे आपण हातात घ्यायचे नाहीत, क्रू वाढणार. प्रवाशांना मास्क ऐच्छिक होता, क्रूला मात्र सक्तीचा, चोवीस तास. आम्ही लिफ्टमध्ये आणि थिएटरमध्ये लावायचो, जेवायला उघड्या डेकवरचं टेबल शोधायचो आणि वारा असला तरी तिथेच बसायचो. बाबा दिवसभर रेलिंगला टेकून उभे असायचे, उडणारे मासे दिसले की लहान मुलासारखे हाका मारायचे, "इकडे या, इकडे या!" बंदरांवर उतरलो, पाण्यात डुंबलो, त्याचे फोटो वेगळ्या पोस्टमध्ये टाकते.

आमची केबिन सांभाळणारा स्टुअर्ड 2020 मध्ये जहाजावरच अडकला होता. प्रवासी उतरले, जहाज रिकामं, आणि क्रूला घरी नेणारी विमानंच नाहीत, अनेक देश त्यांना उतरू देत नव्हते, असे कित्येक महिने. घरी मुलगा चालायला लागला तो त्याने फोनवर बघितला. तरी परत आलास? असं मी विचारलं तर म्हणाला की जहाजं बंद होती तेव्हा घर चालत नव्हतं. यावर मला काही बोलता आलं नाही. आम्ही एवढं केलं की तो खोलीत यायचा तेव्हा सगळे मास्क लावायचो किंवा बाहेर जायचो. माझ्या मते हे प्रत्येकाने करावं, नियम असो नसो, कारण आपण आठवड्याने उतरतो आणि तो पुढच्या लोकांच्या खोल्या आवरायला तिथेच राहतो.

आणि मग एका सकाळी आईला खोकला सुरू झाला. घसा दुखतोय म्हणाली, अंग किंचित गरम. आम्ही कोणी एकमेकांकडे बघेना. फोन केला तर सांगितलं की केबिनमधून बाहेर पडू नका, नर्स येईल. पीपीई घातलेली नर्स आली, स्वॅब घेऊन गेली. रिपोर्ट येईपर्यंत दोन-तीन तास लागणार होते आणि त्या वेळात मला कळलं की घरी बसून केलेल्या त्या सगळ्या भांडणांचा उपयोग काय होता. कोणी कोणाला विचारलं नाही की आता काय करायचं. दादा उठला, आईच्या औषधांची वेगळी पिशवी आधीच केलेली होती ती काढली, स्वतःच्या बॅगेत चार कपडे टाकले, कारण आईबरोबर तो थांबणार हे ठरलेलं होतं, त्याला डायबेटिस नाही, बूस्टर झालाय, आणि त्याला ऑफिस लांबून करता येतं. नवऱ्याने पुढचं बंदर कुठलं आणि तिथे हॉस्पिटल कुठलं तो कागद समोर ठेवला. बाबांना आम्ही आमच्या बाल्कनीत बसवलं. वहिनीने इन्शुरन्सचा नंबर लावून ठेवला. आई मास्क लावून पलंगावर बसली होती आणि मधल्या दाराच्या पलीकडून आम्हालाच धीर देत होती, "अरे, रात्री वाऱ्यात बसले ना, त्याने झालं असेल."

निगेटिव्ह आली. खबरदारी म्हणून दुसऱ्या दिवशी परत केली, तीही निगेटिव्ह. साधी सर्दी निघाली. पण आमच्याच मजल्यावरचं एक जोडपं त्याच सुमाराला खाली आयसोलेशनमध्ये गेलं, आदल्या दिवशीच त्या काकांशी बाबांनी डेकवर गप्पा मारल्या होत्या, त्यामुळे बाबांचीही टेस्ट झाली. आम्ही उतरलो तेव्हा ते दोघं अजून खालीच होते.

आता मैत्रीण विचारतेय की तुम्ही जाऊन आलात, मग आम्ही जूनमध्ये बुक करू का. तिच्या आईची केमो चालू आहे. मी तिला नको म्हणून सांगितलं, अगदी सरळ. केमो चालू असताना लसीचा परिणामही कमी होऊ शकतो, साधा ताप आला तरी त्यांना तासाभरात हॉस्पिटल लागतं आणि जहाजावर ते तासाभरात मिळत नाही. रूट कुठलाही घेतला, केबिन कुठलीही घेतली तरी नाही मिळत. ती म्हणाली, आईची फार इच्छा आहे गं. मी म्हटलं, मग केमो संपू दे, ऑन्कॉलॉजिस्टना विचार आणि ते हो म्हणाले की मला फोन कर, बुकिंगला मी बसते तुझ्याबरोबर.