अल्ब्युमिन निल, शुगर निल

मी सांगली भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, त्या दिवशी माझ्या टेबलावर लघवीच्या साठ-सत्तर बाटल्या ओळीने उभ्या, आणि कारखाना चालू असला की त्यात बऱ्याच ऊसतोडवाल्यांच्या. हे डिसेंबरातलं.

एक पोरगी आली, बावीस-तेवीसची असेल, बीडकडची, पाचवा महिना. बाटली दिली तर अर्ध्या तासाने रिकामीच परत आणली, होतच नाय म्हणे. पाणी कधी पिलीस विचारलं तर सकाळपासून घोटभरही नाही. पहाटे तीनला उठून फडात जायचं, तिथे आडोसा नाही, आजूबाजूला गडी माणसं, मग या बाया पाणीच पीत नाहीत आणि आलीच तर दाबून धरतात. तांब्याभर पाणी पाजलं तेव्हा कुठे सॅम्पल मिळालं. बाटली हातात घेतली तेव्हाच शंका आली, ताकासारखी गढूळ आणि वास. स्ट्रिपवर नायट्राइट पॉझिटिव्ह, म्हणजे जंतू असल्याची खूण, मायक्रोस्कोपखाली तर पस सेल, म्हणजे पुवाच्या पेशी, इतक्या की मोजताच येईनात.

जळजळ होते का गं? "ती उन्हाळी हाय, समद्याच बायांना लागती."

हात गरम लागला म्हणून तसाच पळत डॉक्टर मॅडमकडे गेलो. मॅडमनी पाठीत उजव्या कुशीला नुसतं हळू ठोकलं आणि ती कळवळली. पोरीच्या मते ते मोळ्या उचलून भरलेलं. ताप १०२, पोट मधूनमधून कडक होतंय. मॅडमनी लगेच अ‍ॅडमिट करून सलाईन, सेफ्ट्रियाक्सोन चालू केलं, कोणते जंतू ते कळायला लघवीचं कल्चर जिल्ह्याला पाठवलं (चार दिवसांनी आलं, ई. कोलाय जंतू). मॅडम म्हणाल्या, गरोदरपणात हार्मोनमुळे लघवीच्या नळ्या सैल पडतात, वर गर्भपिशवीचा दाब, लघवी साचते, जंतू वर किडनीत जातात, आणि तापाने कळा सुरू झाल्या की पाचव्या महिन्यातलं बाळ हातात राहत नाही. शंभरात दोन ते दहा गरोदर बायांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू असतात म्हणे, औषध नाही दिलं तर त्यातल्या पाव हिश्श्याच्या किडनीपर्यंत पोचू शकतात.

मग कळलं ही तिसरी खेप. आधीची दोन्ही पाचव्या-सहाव्या महिन्यातच गेलेली, दोन्ही हंगामातच. सासू म्हणायची मोळी उचलली म्हणून पडलं. गेल्या वर्षी इथेच दाखवलं होतं, असं ती सहज बोलून गेली.

मी जुनं रजिस्टर काढलं. सापडली. नाव, चौथा महिना, पुढे 'अल्ब्युमिन निल, शुगर निल', म्हणजे लघवीत प्रथिनं नाहीत, साखर नाही. अक्षर माझंच. तेव्हा दहा पट्ट्यांच्या स्ट्रिपा संपल्या होत्या, नुसत्या अल्ब्युमिन-शुगरच्या दोनवाल्यांवर भागवत होतो, ज्यात जंतू दिसतच नाहीत, आणि गर्दीत मायक्रोस्कोपी प्रत्येकीची होत नाही, हे सगळं खरंय, पण त्या बाटलीचं झाकण तरी मी नीट उघडून बघितलं होतं का ते मला आठवत नाही.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, ती बाळं याच्यामुळेच गेली असं छातीठोक नाही सांगता येत, पिशवीचं तोंड आखूड असेल, सिफिलिस असेल, अंगावरून पांढरं जातंय त्याचं इन्फेक्शन असेल, सगळंच बघू. सिफिलिसची टेस्ट, व्हीडीआरएल, मीच लावली, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. पांढरं जातं म्हणून पिशवीच काढून टाक असा सल्ला तिला गावाकडे एकाने दिलेला, बावीसाव्या वर्षी! २०१९ ला सरकारी समितीला बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायांत १३ हजारांवर पिशव्या काढलेल्या सापडल्या होत्या, तेव्हा पेपरात वाचून मला अतिशयोक्ती वाटली होती.

नवरा दाराशी घुटमळत होता, दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे जोडी, धरतात, ती नाही तर खाड्याचा दंड, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कशी फिटायची. तरी चार दिवस राहिले. ताप उतरला, पोट सैल झालं, ठोके व्यवस्थित. गोळ्या देऊन सोडलं, पंधरा दिवसांनी परत सॅम्पल द्यायला आली तर लांबूनच म्हणाली, "आज पानी पिऊन आलेय बरं का." कल्चर क्लिअर.

एप्रिलच्या शेवटी तारीख होती. टोळी मार्चमध्येच गावाकडे निघून गेलेली आणि कार्डावर नंबर मुकादमाचा. मे महिन्यात लावला, म्हणलं ती पोरगी, जिची आधी दोन गेली होती ती, बाळंत झाली का?

तो म्हणाला, "तशा तिघी हायत, सायेब. कोणती म्हनता?"