टीटीएमएमचा (तुझं तू, माझं मी) हिशेब, १३ ओळींत

अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी पोरांचं पहिलं भांडण बहुतेकदा भाड्यावरून होत नाही. ते होतं हॉटेलच्या बिलावरून. चौघं जेवले, बिल आलं, कोणीतरी म्हणालं "भागिले चार करा", आणि डाळ-भात खाणाऱ्याने कोळंबीवाल्याचे पाच डॉलर भरले. हा पंक्तिप्रपंच फोनवरच्या अॅपने मिटतो, हे खरं. पण फायनान्स शिकणाऱ्यांच्या टेबलावर एचपी-१२सी कॅल्क्युलेटर बऱ्याचदा असतो. सीएफए या गुंतवणूक-विश्लेषकांच्या परीक्षेत चालणाऱ्या मोजक्या यंत्रांपैकी तो एक. १९८१ पासून बाजारात आहे, त्यात प्रोग्राम लिहिता येतो आणि बंद केला तरी प्रोग्राम पुसला जात नाही. या कामासाठी एवढं भरपूर झालं.

आधी इथलं बिल समजून घेऊ. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के. शिवाय टिप, साधारण १८ ते २० टक्के, आणि ती कराआधीच्या रकमेवर काढायची असते. पावतीखाली छापलेले टिपचे आकडे कधी कधी कर धरून काढलेले असतात, तेव्हा गुणून बघा. मोठ्या ग्रुपच्या बिलात ग्रॅच्युइटी, म्हणजे हॉटेलनेच धरलेली टिप, आधीच लावलेली असू शकते; ती न बघता पुन्हा टिप देणारे दर सेमिस्टरला नव्याने सापडतात.

आता कर, टिप, कूपनची सूट हे सगळं एकेकाच्या नावावर वेगळं वाटत बसायची गरज नाही. कार्डावरून गेलेली एकूण रक्कम भागिले पदार्थांची मूळ बेरीज, हा गुणक काढा आणि प्रत्येकाच्या पदार्थांना त्याने गुणा.

उदाहरणार्थ, चौघांचे पदार्थ १४.९५, १७.५०, २१.०० आणि १२.४५, शिवाय मध्ये ठेवलेलं ११ डॉलरचं स्टार्टर. बेरीज ७६.९०, कर ५.०९, टिप १३.८४, एकूण ९५.८३. १२सीवर बरोबरचं चिन्हच नाही, आधी आकडे आणि मग क्रिया असा त्याचा क्रम. म्हणून ९५.८३ एंटर ७६.९० भागिले, मग एसटीओ ०. गुणक १.२४६१६ आला आणि शून्य नंबरच्या कप्प्यात बसला. बेरजेचा कप्पा कोरा करायला ० एसटीओ १.

एफ आणि जी ही दुसऱ्या बटणाआधी दाबायची रंगीत बटणं. प्रोग्राम लिहिण्याआधी एफ २ दाबून दोन दशांश ठरवा. मग एफ पी/आर (प्रोग्राम लिहायची अवस्था), आणि जुना प्रोग्राम पुसायला एफ क्लिअर-प्रोग्राम. आता या ओळी. आरसीएल म्हणजे कप्प्यातला आकडा परत आणणं, आरएनडी म्हणजे पडद्यावर दिसतात तेवढेच दशांश ठेवणं, एसटीओ + म्हणजे कप्प्यात मिळवणं, जीटीओ म्हणजे त्या ओळीवर जाणं (०० म्हणजे सुरुवातीला जाऊन थांबणं), आर/एस म्हणजे चालू-थांब:

०१ आरसीएल ०
०२ गुणिले
०३ एफ आरएनडी
०४ एसटीओ + १
०५ जी जीटीओ ००
०६ आर/एस
०७ आरसीएल २
०८ गुणिले
०९ आरसीएल ३
१० अधिक
११ एफ आरएनडी
१२ एसटीओ + १
१३ जी जीटीओ ०६

पुन्हा एफ पी/आर दाबून बाहेर या. लिहिताना पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, बटणांचे पत्ते दिसतात: ४५ म्हणजे चौथ्या ओळीतलं पाचवं बटण, आरसीएल. पहिली ओळ "४५ ०" अशी दिसली की बरोबर. प्लॅटिनम मॉडेलवर ओळींचे नंबर तीन आकडी असतात, तिथे ००० आणि ००६ लिहा.

हॉटेलसाठी पहिल्या पाच ओळी. पहिल्या माणसाचे १४.९५ एंटर ११ एंटर ४ भागिले अधिक, म्हणजे १७.७०, आर/एस दाबा, २२.०६. बाकीचे तसेच: २५.२३, २९.६०, १८.९४. कोणाची चतुर्थी असेल आणि स्टार्टरला हात लावला नसेल, तर चारच्या जागी तीन, आणि त्याच्या आकड्यात स्टार्टर मिळवायचंच नाही. सरळ चार भाग केले असते तर प्रत्येकी २३.९६ पडले असते. शेवटच्याला पाच डॉलरचा भुर्दंड.

आरसीएल १ दाबल्यावर ९५.८३ यायला हवेत. एक-दोन सेंट इकडेतिकडे झाले तर ते पूर्णांकनाचे. जास्त तूट असेल तर कोणाचा तरी पदार्थ राहिला. तूट ४.३६ निघाली तर तिला गुणकाने भागा: साडेतीन डॉलर. पावतीवर साडेतीनचं काय आहे ते बघा, बहुधा चहा. आरएनडीची ओळ गाळली तर पडदा दोनच दशांश दाखवतो, आत मात्र सगळे राहतात, आणि दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज दिसणाऱ्या एकूणशी जुळत नाही.

सहाव्या ओळीपासूनचा भाग घरच्या वीज-गॅसच्या बिलासाठी. चौघांपैकी एक १८ दिवस भारतात होता, बिल ३० दिवसांचं, १७१.४६ डॉलर. त्यातला स्थिर आकार १८ डॉलर, कोणी घरी असो-नसो, चौघांत सारखा: ४.५० एसटीओ ३. उरलेले १५३.४६ माणसागणिक दिवसांवर. तिघांचे ९० आणि चौथ्याचे १२, एकूण १०२. १५३.४६ एंटर १०२ भागिले एसटीओ २, ० एसटीओ १. मग जी जीटीओ ०६ आणि एकदा आर/एस. या वेळी काहीच मोजलं जात नाही, घाबरू नका. आता ३० आर/एस: ४९.६४. असं तीनदा. मग १२ आर/एस: २२.५५. बेरीज १७१.४७, एक सेंट जास्त. तो ज्याच्या कार्डावरून बिल जातं त्याच्या वाट्यातून कमी करा.

जानेवारीत मात्र हे दिवसांचं गणित जसंच्या तसं लावू नका. माणूस नसला तरी घर गरम ठेवावंच लागतं, नाहीतर पाइप गोठतात. हीटिंगचा मोठा भाग तेव्हा स्थिर आकारात धरा. हे आधी ठरवा. भारतातून परतलेल्याला नंतर सांगितलं तर पटत नाही.

घरचा हिशेब झाल्यावर जी जीटीओ ०० दाबायला विसरलात, तर पुढच्या जेवणाला दिवसाचा दर लागेल आणि आकडे इतके खरे वाटतील की पटकन कळणारही नाही. एसटीओ + हे फक्त ० ते ४ या कप्प्यांवर चालतं, त्यामुळे बेरीज पाचव्यात नेऊ नका. कॅल्क्युलेटरच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवा: ० गुणक, १ बेरीज, २ दिवसाचा दर, ३ स्थिर वाटा.