ताश्कंदला जायचं होतं, जाऊन आले

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या पाटणजवळ. १९६५ साली मी सात वर्षांची होते. पाकिस्तानशी युद्ध सुरू होतं, धान्याची टंचाई होती, आणि लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं. आमच्या घरात सोमवारी रात्री चूल पेटायची बंद झाली. आम्हा पोरांना भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळायचा. आई नुसतं पाणी पिऊन निजायची.

पुढं जानेवारीत ताश्कंदला, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानच्या राजधानीत, पाकिस्तानशी बोलणी सुरू झाली. आमच्या भागाला त्यात जास्तच जीव अडकला होता, कारण संरक्षणमंत्री म्हणून कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण शास्त्रीजींबरोबर तिथं होते. १० जानेवारी १९६६ला करार झाला आणि त्याच मध्यरात्रीनंतर शास्त्रीजी गेले. सकाळी शेजारच्या रेडिओवर बातमी आली तेव्हा आई संक्रांतीचे तीळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं ते ठेवलंच. त्या वर्षी आमच्या घरातून तिळगूळ वाटला गेला नाही. पुढं धान्य मुबलक झालं, सरकारं बदलली, पण आईनं सोमवारची रात्र शेवटपर्यंत सोडली नाही. मी ताश्कंदला का गेले, याचं उत्तर एवढंच आहे.

जायचं मनावर घेतलं तेव्हा वाटलं होतं, मध्य आशिया म्हणजे वकिलातीच्या खेपा. तसं काही नाही. उझबेकिस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. वीस डॉलर फी, कार्डानं भरायची, आणि साधारण तीन कामाच्या दिवसांत व्हिसा ईमेलवर येतो. माझं घोडं नावात अडलं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. मी सवयीनं फक्त माझं नाव आणि आडनाव भरलं. पैसे भरायच्या आधी भाचीनं ते पकडलं. पासपोर्टवर अक्षरं जशी आहेत तशीच, तितकीच, त्याच क्रमानं भरा. व्हिसा कागदावर छापून दोन प्रती जवळ ठेवा. डॉलर कोरे, घडी न पडलेले न्या.

२०२४च्या मे महिन्यात, १३ तारखेला पुण्यात मतदान केलं आणि त्याच आठवड्यात मी आणि भाची निघालो. दिल्लीहून ताश्कंद जेमतेम तीन तासांवर आहे, आणि घड्याळ फक्त अर्धा तास मागे करावं लागतं. विमानतळावरच थोडे डॉलर मोडले. तेव्हा एका डॉलरला बारा हजारांहून जास्त सोम, म्हणजे तिथलं चलन, मिळत होते, त्यामुळे पहिला दिवस शून्यं मोजण्यात गेला. टॅक्सीसाठी यांडेक्सचं ॲप घरूनच घेऊन ठेवलं होतं, त्यात भाडं आधीच दिसतं. भाषा न येणाऱ्याला एवढा आधार पुरतो.

मेचा उत्तरार्ध हा या शहराचा चांगला काळ. दुपारी ऊन लागतं, पण हवा कोरडी, घामाचा चिकचिकाट नाही. रस्त्याच्या कडेनं पाण्याचे छोटे पाट वाहतात, त्यांना तिथं 'अरीक' म्हणतात. वर झाडांची दाट सावली. तुतीच्या झाडांखालची फरशी पडलेल्या फळांनी काळीजांभळी झालेली असते, चपला चिकटतात. अंधार पडेपर्यंत आठ वाजून जातात, म्हणून संध्याकाळ लांबलचक मिळते.

चोरसू बाजारात आम्ही एक अख्खी सकाळ घालवली. मोठा निळा घुमट, आत गोलाकार ओटे, बाहेर चेरी, स्ट्रॉबेरी आणि तुतीचे ढीग. मी शाकाहारी. नान, चहा, बाजार हे शब्द सगळीकडे कानावर पडत होते, म्हणून धीर करून एका बाईंकडे 'सब्जी' मागितली. त्यांनी हसून गाजरं पुढं केली. उझबेकीत सब्जी म्हणजे गाजर! खरा कामाचा शब्द 'गोश्तसिझ', म्हणजे मांसाशिवाय. तो पाठच करून जा, कारण भोपळ्याच्या सोमशातही, म्हणजे तिथल्या समोशातही, चरबी असू शकते. पलोव, म्हणजे तिथला पुलाव, तर मांसाचाच. मी सहा दिवस नान, दही, फळं आणि कांदा-टोमॅटोच्या 'अच्चिक-चुचुक'वर काढले. ती आपली कोशिंबीरच, फक्त दाण्याचं कूट नाही. नान भट्टीत लावण्याआधी मधोमध खिळ्यांच्या लाकडी शिक्क्यानं टोचतात, त्यामुळे मधला भाग फुगत नाही आणि कडा तेवढी टम्म होते. एक मुलगा हे इतक्या झटपट करत होता की मी तिथंच उभी राहिले. त्यानं गरम नान माझ्या हातात ठेवला आणि पैसे घेईना.

शास्त्रीजींच्या पुतळ्याकडे सोमवारीच जायचं, हे मी पुण्यातच ठरवलं होतं. त्या दिवशी २० मे. वाटेत फुलं घ्यायला थांबलो. मी बोटांवर अकरा दाखवलं. फुलवालीनं लाल कार्नेशन मोजून काढली, कागद ओढला, आणि कुणासाठी म्हणून खुणेनं विचारलं. भाचीनं फोनवर शास्त्रीजींचा फोटो दाखवला, पुतळा म्हणून सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी गुच्छातलं एक फूल हळूच काढून परत बादलीत ठेवलं. मला वाटलं, हिशेब चुकला. मी पुन्हा अकरा दाखवलं. त्यांनी मान हलवली, आणि भाचीच्या फोनवर भाषांतर उमटलं: जिवंत माणसाला विषम, गेलेल्याला सम. आपल्याकडे शुभकार्यात एकवीस, एकावन्न देतात, त्यामागचा विचार मला इथं फुलांच्या बादलीपाशी नव्यानं दिसला. दहा फुलं घेऊन निघालो.

शास्त्री रस्ता हा शहरातला नेहमीच्या वर्दळीचा रस्ता आहे. त्याच्या कडेला झाडीत शास्त्रीजींचा अर्धपुतळा. तिकीट नाही, रांग नाही. आजूबाजूला माणसं आपापल्या कामाला चाललेली. या शहरात त्यांच्या नावाची शाळा आहे, तिथं मुलांना हिंदी शिकवतात. त्यांच्याच नावाचं भारतीय सांस्कृतिक केंद्रही आहे. मी फुलं ठेवली. आईचं नाव घेतलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मन एकदम शांत झालं. त्या रात्री मी जेवले नाही.

आता नोंदणीचं सांगते, कारण इथं आमची धावपळ झाली. तीन दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाची राहत्या जागी नोंदणी व्हावी लागते. हॉटेलवाले ती 'ए-मेहमान' या सरकारी यंत्रणेवर ऑनलाइन करतात आणि निघताना चिठ्ठी देतात. हे शब्द ऐकून बरं वाटतं, मेहमान म्हणजे पाहुणा. आमचे पहिले दोन मुक्काम एका घरगुती जागेत होते. माणसं प्रेमळ, पण चिठ्ठी मागितली की 'होईल होईल' म्हणत. सोमवारी संध्याकाळी आम्ही दुसऱ्या हॉटेलात गेलो, तिथल्या मुलीनं आधीच्या रात्रींची चिठ्ठी मागितली आणि आमच्याकडे ती नव्हती. तिनं संगणकावर पाहिलं, आमचं नाव कुठंच नव्हतं. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मुलीनं स्वतः फोन लावला, पाच मिनिटं ठामपणे बोलली, आणि अर्ध्या तासात चिठ्ठीचा फोटो आला. अजून मुदतीत होतो म्हणून निभावलं. जाताना विमानतळावर आमच्याकडे कुणी काही मागितलं नाही. तरी माझं सांगणं हेच, पहिल्याच दिवशी चिठ्ठी हातात घ्या, आणि कुणाच्या घरी उतरणार असाल तर यजमानांना आधी याची कल्पना द्या.

मेट्रोनं मात्र भरपूर फिरलो. १९७७ साली सुरू झालेली ही मध्य आशियातली पहिली मेट्रो. पूर्वी आत फोटो काढायला बंदी होती, २०१८ पासून मुभा आहे. अंतराळवीरांच्या नावाचं कोस्मोनाव्तलार स्थानक चुकवू नका. भिंती वरून खाली निळ्याच्या वेगवेगळ्या छटांत उतरतात आणि त्यात गोल चौकटींमध्ये गागारिन, तेरेश्कोवा.

शेवटच्या दिवशी जिथं गेलो, ती जागा माझ्या यादीत नव्हतीच. शास्त्रीजी गेले त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिल १९६६ला, पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी ताश्कंदला भूकंप झाला. केंद्र थेट शहराखाली आणि अगदी उथळ. जुनं मातीचं शहर कोसळलं, तीन लाखांच्या आसपास माणसं बेघर झाली. आज दिसणारे रुंद रस्ते आणि बागा त्यानंतरच्या. त्याचं स्मारक १९७६चं आहे. काळ्या दगडाचा चौकोनी ठोकळा, त्यावर तारीख आणि थांबलेलं घड्याळ. ठोकळ्याला गेलेली भेग पुढं जमिनीवरून सरकत एका पुतळ्याच्या पायाशी पोहोचते. पुरुष हात पुढं करून बायको-मुलाला आडोसा देतोय.

मी भेगेपाशी थांबले आणि मला पुढं जाववेना. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कौलं अंगावर येत होती. आईनं आम्हा तिघांना गोधडीसकट ओढत अंगणात आणलं होतं. अंधारात गुरं हंबरत होती आणि ती आम्हाला चाचपून चाचपून मोजत होती, एक, दोन, तीन, पुन्हा एक.

शेजारच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधलेली माझ्याच वयाची एक बाई बसली होती. मला डोळे पुसताना पाहून तिनं काहीतरी विचारलं. भाचीनं फोन पुढं केला, आमच्या गावचं सांगितलं. बाईनं ते दोनदा ऐकलं. मग घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि तळहात जमिनीपासून थोडा वर आडवा धरला. मी तेव्हा एवढी होते. मीही माझा हात तसाच धरला. तिनं तिचा हात दोन बोटं खाली घेतला, माझ्या हाताशी लावून पाहिला, आणि सरकून मला बाकावर जागा केली.