मुली समजूतदार, पोरं खुनशी? कुणी सांगितलं?

कटान, म्हणजे मेंढ्या-गहू-विटांची पत्ती एकमेकांशी ट्रेड करत वस्त्या वसवायचा बोर्ड गेम, तो खेळताना आमच्या ग्रुपमध्ये एक डायलॉग ठरलेला आहे, "ट्रेड मुलींकडे माग, त्या देतात, पोरं एक मेंढीसुद्धा सोडणार नाहीत." म्हणजे बायका सांभाळून घेणाऱ्या आणि पुरुष जिंकायला बसलेले. मला काही हे पटत नाही, कारण चोराची सोंगटी (ती बसली की त्या जागेचं उत्पन्न बंद!) उचलून बरोब्बर माझ्याच गव्हावर बसवणारी आमच्यातली एक मैत्रीणच आहे, आणि वर हसते पण!

मग यावर वाचत बसले. साथ द्यायची की दगा, अशा गेम्सवरचे पन्नासेक वर्षांचे प्रयोग डॅनियल बॅलियट आणि मंडळींनी 2011 मध्ये एकत्र करून बघितले, तर एकूणात बायका-पुरुषांत फरक जवळजवळ नाहीच. पण समोर कोण बसलंय त्यावर बरंच हलतं, नुसते पुरुष असले की ते नुसत्या बायकांपेक्षा एकमेकांना जास्त धरून खेळतात, आणि मिक्स ग्रुप असला की बायका जास्त साथ देतात. आमचा ग्रुप मिक्सच, त्यामुळे डायलॉग अगदीच हवेतला नाही म्हणा.

स्पर्धेचं तर अजून भारी. युरी ग्नीझी वगैरेंचा 2009 चा पेपर आहे, तीन मीटरवरच्या बादलीत टेनिस बॉल टाकायचा, दहा चान्स, आणि आधीच सांगायचं की प्रत्येक बॉलमागे ठरलेले पैसे हवेत की दुसऱ्या कुणाशी स्पर्धा करून जिंकलात तर तिप्पट. टांझानियातल्या पुरुषप्रधान मसाई जमातीत 50 टक्के पुरुषांनी स्पर्धा घेतली, बायकांनी 26. आणि आपल्या मेघालयातल्या खासींमध्ये, जिथे वंश आईकडून चालतो आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं, तिथे बायका 54 आणि पुरुष 39! एका प्रयोगावरून सगळं ठरत नाही मान्य, पण "बायकांच्या रक्तातच स्पर्धा नसते" म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं.

आणि एवढ्या लांब तरी कशाला, मुंबईच्या रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या तेव्हा त्या 13 वर्षांच्या होत्या, केवढा गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी बायकांना अडवता येणार नाही असा निर्णय दिला. एवढ्याशा पोरीला खेळू द्यायचं नाही म्हणून मोठमोठे बाप्ये भांडत होते, आणि स्पर्धेला बिचकतात म्हणे बायका.